अकरा वाफ्यांचं पाणी

नगर परिषदेत बरीच वर्षं काढली की माणसाला एवढं कळतं, की ज्या कामाला कोणाचंच टेबल नसतं ते फिरून फिरून आपल्याच टेबलावर येऊन बसतं. ते परिपत्रक तसंच आलं. विषय होता, 'नागरी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामकाजातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची मोजणी व घट'. आस्थापना विभागानं ते बांधकामाकडे पाठवलं, बांधकामानं पाणीपुरवठ्याकडे, पाणीपुरवठ्यानं आरोग्याकडे. प्रत्येकानं समासात सुंदर अक्षरात 'या विभागाशी संबंधित नाही' असं लिहिलं होतं. शेवटी कोणीतरी मुख्याधिकारी साहेबांच्या कानावर घातलं की स्वच्छता विभागातल्या बाईंना एक्सेल येतं. मी या लोकांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

मी मूळची सानगडीची, धान पिकवणाऱ्या घरातली. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यातल्याच या गावी आले आणि इथल्याच नगर परिषदेत लिपिक म्हणून लागले. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की जो तो आमच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवत येईल. माझा स्वभाव तिरसट आहे असं घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे एकमताने ठरलेलं आहे. ते परिपत्रक हातात आलं तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याच कामानं मला एक बाई भेटवली. तिचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते तोंडानं सांगायला गेले तर ती मला उडवून लावते. म्हणून लिहून ठेवते.

आधी मोजणीचं सांगते. आमच्या शिपायाला वाटलं होतं की मुंबईहून माणूस येईल, मशीन घेऊन, आणि प्रत्येकाच्या नाकापुढे धरेल. तो दोन दिवस दाढी करून आला. प्रत्यक्षात तसं काही नसतं. वर्षभरात परिषदेनं किती डिझेल जाळलं, किती वीज वापरली, किती कचरा डेपोवर कुजत पडला, ते शोधायचं आणि वरून दिलेल्या आकड्यांनी गुणायचं. वीज कोळशापासून येते, म्हणून एक बटण दाबलं तरी कुठेतरी धूर निघतोच, एवढं त्या सोबतच्या पुस्तिकेनं मला पटवलं. तक्ते मात्र कुठल्यातरी मोठ्या शहरासाठी बनवलेले होते. 'अधिकाऱ्यांचा विमानप्रवास' असा एक रकाना होता. त्यात मी 'निरंक' लिहिलं. 'परिषदेच्या मालकीच्या नौका' असाही एक होता. आमच्याकडे एक आहे, गणपती विसर्जनाला काढतात, ती बांबूनं ढकलावी लागते. तिथेही निरंक. निरंक हा शब्द आमच्या ऑफिसाचा फार लाडका. काही नसेल तर तो लिहायचा, आणि असेल पण सांगायचं नसेल तरीही तोच लिहायचा.

घंटागाड्या, ट्रॅक्टर, डास मारायची धुराची गाडी, साहेबांची जीप, रस्त्यावरचे दिवे, सगळं महिनाभरात जमवलं. मला वाटलं होतं सगळ्यात मोठा आकडा कचऱ्याचा निघेल, कारण वास त्याचा सर्वात जास्त येतो. निघाला पाण्याचा. नदीतून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि मग उंच टाकीत चढवायचं, याला जी वीज लागते तिच्यापुढे गावातले सगळे दिवे किरकोळ. तक्त्यात पुढचा प्रश्न होता, 'टाकी भरून वाहून जाणारे पाणी, कालावधी नमूद करावा.' पंपाची वही मागवली. तिच्यात त्यासाठी वेगळा रकाना होता आणि त्या रकान्यात वर्षानुवर्षं, रोज, एकाच पेननं ओढल्यासारखं, निरंक.

आता आमच्या गावात टाकी सांडत नाही असं म्हणणं म्हणजे बाजाराच्या दिवशी गर्दी नसते म्हणण्यासारखं आहे. टाकी गावाच्या कडेला उंचवट्यावर आहे. त्याच आवारात शुद्धीकरण केंद्र आणि पंपघर. रोज सकाळी दहाच्या सुमारास टाकी भरते आणि वरच्या पाइपातून पाण्याची धार खाली कोसळते. अर्ध्या गावाला ती दिसते. ती दिसली की बायका निर्धास्त होतात, उद्या नळ येणार. फार पूर्वी एकदा टाकी काठोकाठ भरली होती पण सांडली नव्हती, कारण पंपवाल्यानं वेळेवर पंप बंद केला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत परिषदेच्या दारात रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बायका उभ्या. त्या माणसाला इतकं ऐकावं लागलं की त्यानंतर जो कोणी पंपावर आला तो टाकी गावाला दिसेल अशी सांडवूनच पंप बंद करतो. कोणी लेखी आदेश दिला नाही. कोणाला चूकही वाटत नाही.

मी एका सकाळी तिथे गेले. धार पडत होती. पंप ऑपरेटर खुर्ची टाकून चहा पीत होता. मला बघून उठला.

"भाऊ, किती वेळ सांडते रोज?"

"पाच मिन्ट मॅडम. जास्तीत जास्त."

"पाच मिन्टात माहे अकरा वाफे भरते का गा?" मागून आवाज आला.

वळून बघितलं तर टाकीच्या उतारावर एक बाई कमरेला पदर खोचून उभी. पन्नाशी ओलांडलेली, पाय घोट्यापर्यंत चिखलात. पाइपाचं पाणी जिथे पडत होतं तिथून तिनं एक पाट काढला होता आणि तो पाट खाली अकरा वाफ्यांत फिरवला होता. पालक, मेथी, चवळाई, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. एवढं हिरवं मी आमच्या परिषदेच्या बागेतही बघितलं नव्हतं. बाईला मी ओळखत होते. संध्याकाळी ऑफिसच्या फाटकासमोर भाजी घेऊन बसायची ती हीच. नवरा गावतलावात मासे धरायचा, ही भाजी विकायची. ती भाजी आमच्या टाकीच्या पाण्यावर येते, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेटरनं तिला डोळ्यानं खूण केली. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही.

"एक वाफा भराले हा चहा प्यायाच्या आंधी सुरू होते अन् कप धुवून ठेवला का भरते," ती म्हणाली. "तुमी घडी लावून पाहा. काहून इचारून राहिल्या पन?"

"मोजून राहिली मावशी. किती पानी वाया जाते ते."

"वाया," ती म्हणाली. वाफ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग बंद करान का?"

"नाही नाही. मोजायचंच आहे फक्त."

मी हे किती सहज बोलले. मला खरंच तेव्हा तेवढंच वाटत होतं, आणि थोडं हेही वाटत होतं की आता ही माहिती देणं थांबवेल. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तिनं थांबवलं नाही. मोबाइलच्या घड्याळावर मी एक वाफा भरताना बघितला, चार मिनिटं लागली. अकरा वाफे म्हणजे पाऊण तास. पंपवाल्याच्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाला तेव्हा तो बिचारा घामाघूम झाला, आणि मी त्याला सांगितलं की भाऊ, तुमच्यावर काही येणार नाही, सगळ्या गावालाच ती धार बघायची असते. पण एका दिवसाच्या मोजणीनं तक्ता भरत नाही. महिनाभराचं रोजचं हवं होतं. ऑपरेटरच्या वहीवर भरवसा नव्हता आणि मला रोज उठून टेकडीवर जाणं शक्य नव्हतं. मग तीच म्हणाली, "मी सांगत जाईन ना. तुमी संध्याकारी तिकडूनच जाता."

तसं सुरू झालं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी फाटकासमोर थांबायची. ती पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडत, मान वर न करता सांगायची, "आज दहा." कधी, "आज अकरा भरले अन् बाराव्याचं तोंड ओलं झालं." बारावा वाफा नव्हताच, पाणी अकराव्याच्या पुढे गेलं की ती तसं म्हणायची. कधी, "लाइन गेल्ती. चारच." मी ते मोबाइलवर टिपून घ्यायची. शेजारच्या भाजीवाल्या हसायच्या, काय बाप्पा, मॅडम रोज वाफे मोजतेत. एकदा मी विचारलं, मावशी, तुम्ही अंदाजानं तर सांगत नाही ना? ती दुखावली. सांबाराची जुडी माझ्या पिशवीत घालता घालता थांबली आणि म्हणाली, "वाफा भरला का नाई हे अंदाजानं कसं सांगाचं? भरला तं भरला." त्या दिवशी मला जुडी मिळाली नाही.

महिना संपल्यावर मी पंपाच्या वीज मीटरचे रोजचे आकडे काढले आणि तिच्या वाफ्यांशेजारी मांडले. ज्या दिवशी तिचे वाफे कमी, त्या दिवशी मीटर कमी फिरलेलं. ज्या दिवशी बाराव्याचं तोंड ओलं, त्या दिवशी मीटर थोडं पुढे. महिनाभर, एक दिवस चुकला नव्हता. मी ऑफिसात एकटीच बसून त्या दोन रांगांकडे बघत राहिले. मला इतका आनंद झाला की शिपायाला बोलावून दाखवलं. त्याला काही कळलं नाही, पण तो माझ्या समाधानासाठी 'वा' म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत जिच्यावर डोळे मिटून सही करावी अशी माहिती मला त्या एका बाईनं दिली होती.

बैठकीत साहेबांपुढे अहवाल ठेवला. साहेब तिकडचे, पुण्याच्या बाजूचे, नवे आलेले. माणूस चांगला, पण सगळं आजच्या आज व्हावं अशी घाई. कचऱ्याचं खत करायचं, दिवे बदलायचे, यावर सगळ्यांनी माना हलवल्या. पाण्याच्या पानावर साहेब थांबले.

"म्हणजे रोज पाऊण तास पंप उगाच चालतो?"

"हो सर."

"मग हे तर एका सेन्सरचं काम आहे. टाकी भरली की पंप आपोआप बंद. यापेक्षा सोपी घट दुसरी कुठली नसेल. मॅडम, उत्तम काम केलंत."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मोजायचंच आहे फक्त, असं मी मावशीला सांगितलं होतं. तिनं स्वतःच्या तोंडानं, एकेक वाफा मोजून, स्वतःचं पाणी बंद करायचा कागद मला तयार करून दिला होता, आणि मी त्यावर शाबासकी घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर जाऊन तिला सांगितलं. ती वाफ्यातलं तण काढत होती. ऐकलं आणि काढत राहिली.

"मले मायीत होतं," ती म्हणाली.

"मग सांगितलं काहून मावशी? पाच मिन्ट म्हटलं असतं तर मी पाचच लिहिले असते."

"तुमी इचारलं म्हनून. इतकी वर्सं पानी घेऊन राहिली, कोनी येऊन पुसलं नाई का बाई, किती घेतं. पहिल्यांदा कोनी पुसलं अन् मी खोटं सांगू?" मग तण बाजूला टाकत म्हणाली, "माही लेक खालच्या मोहल्ल्यात दिली हाय. तिच्या नळाले धार नाई ये. हे पानी तिच्या वाटचं असन."

भरलेल्या टाकीतून सांडणारं पाणी तिच्या लेकीच्या वाटचं नव्हतं. तिकडची लाइनच जुनी आहे, तिचं दुखणं वेगळं. पण ते मी तिला समजावत बसले नाही.

मग मी मला जे येतं ते केलं, टिपणी लिहिली. शुद्धीकरण केंद्रात पाणी ज्या वाळूतून गाळतात ती वाळू रोज उलट्या धारेनं धुतात, आणि ते गढूळ पाणी नालीत सोडून देतात. ते पिण्याच्या कामाचं नसतं, पण भाजीला चालतं. ते पाणी नालीऐवजी त्या वाफ्यांकडे वळवावं, त्याला पंप लागणार नाही, उतारानंच जाईल, असं मी लिहिलं. मला वाटलं, किती सोपं आहे.

फाइल मालमत्ता विभागात गेली आणि तिथून एका ओळीचा शेरा घेऊन आली. 'सदर जागा परिषदेच्या मालकीची असून त्यावर अतिक्रमण असल्याचे दिसून येते. जागेची मोजणी करून कारवाई प्रस्तावित करावी.' मी ती ओळ तीनदा वाचली. ते वाफे आजवर कोणत्याच कागदावर नव्हते, म्हणून ते सुखानं होते. मीच त्यांना कागदावर आणलं होतं. आधी तिचं पाणी घालवलं आणि आता मदत करायला गेले तर जमीनही जायची पाळी आली. साहेबांकडे गेले. ते वाईट वागले नाहीत. "मॅडम, तुमचा हेतू कळतो मला," म्हणाले, "पण अतिक्रमणाला पाणी द्या असं मी कोणत्या नियमानं लिहू?" कारवाई मात्र लगेच करू नका, एवढं तोंडी सांगितलं. फाइल त्यांच्या कपाटात राहिली.

सेन्सर बसला. पहिल्या दिवशी सकाळी टाकी भरली, पंप गपकन बंद झाला, आणि गावाला धार दिसली नाही. अकरा वाजेपर्यंत ऑफिसचा फोन खाली ठेवता आला नाही. टाकी भरली नाही का, उद्या नळ येणार की नाही, मोटर जळली का. एक नगरसेवक स्वतः टेकडीवर जाऊन टाकीच्या पायऱ्या चढून वर डोकावून आले. शेवटी घंटागाडीच्या भोंग्यावरून तीन दिवस सांगत फिरावं लागलं, की टाकी सांडली नाही तरी ती भरलेली आहे. लोक हसले, मग सवय झाली. विजेचं पुढचं बिल आलं, आकडा खरोखर खाली उतरला होता. साहेबांनी सर्वांना पेढे दिले. माझा तोंडातच फिरत राहिला.

मावशीनं रस्त्यापलीकडच्या हापशीवरून पाणी आणायला सुरुवात केली. डोक्यावर गुंड, हातात बादली, चढाची वाट. अकरा वाफ्यांचे तीन राहिले. बाकीचे भेगाळले. संध्याकाळी फाटकासमोर तिच्यापुढे मूठभर जुड्या असायच्या आणि त्या लवकर संपायच्या, मग ती नुसतीच बसून राहायची. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी मागच्या फाटकानं घरी जायला लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण गेले.

असे दोनेक महिने गेले असतील. एका दुपारी मी जेवणाचा डबा उघडत होते तर शिपाई म्हणाला, भाजीवाली आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. मला वाटलं आता ही भांडणार. मनात म्हटलं, भांडू दे, तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं.

ती आत आली. पायाला ओला चिखल होता.

"बाई, तुमचं ते यंत्र बिघडलं. तीन दिवस झाले, टाकी सांडून राहिली. पंपवाल्याले सांगतलं तं तो म्हने लाल लाइट लागलेला हाय, मंग चालूच असन. म्हनलं तुमाले सांगाव. नाईतं तुमचं लिवनं चुकन."

मला आधी कळलंच नाही ती काय सांगते आहे. मी विचारलं, "मग वाफे?"

"भरले ना. अकराच्या अकरा. वाळून गेल्ते ते बी ओले झाले. आज सकारी बी पेरलं."

"पेरलं?"

"पेरलं, अन् मंग आली."

मी डबा तसाच झाकला. बियाणं ओल्या मातीत टाकून, हात न धुता, ही बाई ते पाणी बंद करा असं सांगायला चालत आली होती. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि ते लपवायला मी तिच्यावरच खेकसले, "तुमाले समजते का मावशी, आता ते बी मरन." ती म्हणाली, "पाहीन मी. हापशी हाय ना."

मी तिचा हात धरून तिला साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. चिठ्ठी आत पाठवली नाही, विचारलंही नाही. साहेब फोनवर होते, त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, सर, आपला सेन्सर तीन दिवस बंद आहे आणि हे आपल्याला ज्यांनी सांगितलं त्या या. अहवालातले महिनाभराचे आकडे यांचेच. तिनं जे मला सांगितलं ते त्यांना पुन्हा सांगितलं, उभ्यानंच. पेरल्याचंही सांगितलं, मी डिवचलं म्हणून.

साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती टोकावर बसली.

"तुम्हाला तर पाणी मिळत होतं," ते म्हणाले. "मग सांगायला कशाला आलात?"

ती म्हणाली, "या बाईनं महिनाभर मले इचारून इचारून लिवलं. आता मी गप रायली तं मांगचं जे सांगतलं त्याच्यावर बी कोन भरोसा करन?"

मग साहेबांनी उठून कपाट उघडलं आणि ती फाइल काढली. माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं लिहायला बसले. टाकीच्या उतारावरील जागा परिषदेची भाजीपाला लागवड म्हणून नोंदवावी, तिची देखभाल सध्या करीत असलेल्या महिलेकडेच ठेवावी, वाळू धुतल्यावर वाया जाणारे पाणी त्या लागवडीस द्यावे, विषय येत्या सभेपुढे ठेवावा. मालमत्ता विभागाचा शेरा त्यांनी खोडला नाही. त्याच्या खाली लिहिलं. सभेत दोघांनी कुरकूर केली, पण त्यांच्या घरी सांबार तिच्याच टोपलीतला जात होता हे सगळ्यांना माहीत होतं. विषय मंजूर झाला. सेन्सर त्याआधीच दुरुस्त झाला होता, आणि त्या मधल्या दिवसांत पेरलेल्यातलं निम्मं बी मेलं. उरलेलं तिनं हापशीवर जगवलं.

आमच्या परिषदेचा आकडा आता दरवर्षी वरच्या कार्यालयाकडे जातो. मोठमोठ्या शहरांच्या यादीत तो कुठे दिसतही नसेल. पण आमच्या तक्त्यात 'माहितीचा स्रोत' असा एक रकाना आहे, आणि तो भरताना मला कोणाच्या वहीवरचं निरंक नक्कल करावं लागत नाही. मी गावात हिंडून माणसांना विचारते. ज्याच्या दारात दिवा दिवसाही जळतो त्याला, ज्याच्या गल्लीत घंटागाडी दोनदा फिरते त्याला. लोक सांगतात. विचारलं की सांगतात, हे मला तिनं शिकवलं. माझा तिरसटपणा गेला असं नाही, पण विचारताना तरी मी तो घरी ठेवते.

गढूळ पाणी पहिल्यांदा सोडलं त्या सकाळी आम्ही दोघी टेकडीवर होतो. ऑपरेटरनं झडप उघडली. नव्या पाटातून मातकट पाणी हळूहळू खाली यायला लागलं. मावशीनं वाकून त्यात हात घातला, बोटं चोळून बघितली आणि म्हणाली, "जाड हाय. चालन पन." मी तक्ता उघडून बसले होते. नवीन पाणी, नवीन रकाना. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं काय लिहायचं ते. इतक्या दिवसांचं देणं, निदान कागदावर तरी पूर्ण करावं असं वाटत होतं. मी लिहायला घेतलं.

"काय लिवून राहिल्या?"

"अकरा वाफे."

"थांबा. भरू तं द्या."

ती पाण्याबरोबर चालत खाली गेली. एक वाफा भरला की मातीचा बांध पायानं लोटायची आणि पुढच्याकडे जायची. हे पाणी त्या सांडत्या धारेइतकं नव्हतं. पाचव्या वाफ्यापाशी ते रेंगाळायला लागलं. सातवा कसाबसा भरला, आणि वाळू धुऊन झाली. पाट आटला. तिनं आठव्या वाफ्याच्या कोरड्या कडेवर उभं राहून वर बघितलं.

मी म्हटलं, "मावशी, मी अकराच लिहिते. म्हणजे पुढे कोणी कमी करायला नको."

"नाई," ती म्हणाली. "सात भरले. सात लिवा."

मी सात लिहिलं.